बोंडूचा रस आणि आस्वादाची भाषा : हुर्राक, फेणी व माडी यांच्या आस्वाद-टिपणांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेची परिभाषा मुळात जिभेची आहे. रस, रुची, आस्वाद, चर्वणा हे सारे शब्द खाण्यापिण्याच्या व्यवहारातून काव्यशास्त्रात आले. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना विशद करताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न चाखणाऱ्या सुजाण माणसाचाच दाखला दिला. पुढे अभिनवगुप्त, मम्मट आदींनी वापरलेला पानकरसन्याय तर थेट पेयावरून घेतलेला आहे. अनेक घटक एकत्र आले की पानकाला त्यांपैकी कोणत्याही एकाची नसलेली अशी स्वतंत्र चव येते, ती त्या न्यायाची भूमिका. मात्र ज्या जिभेकडून ही परिभाषा उसनी घेतली, तिला ती मराठीने परत केल्याचे दिसत नाही. कवितेच्या आस्वादावर मराठीत ग्रंथ आहेत. पेयाच्या आस्वादावर, विशेषतः मद्याच्या आस्वादावर, गंभीर असे लेखन जवळजवळ नाही.

याचे एक कारण उघड आहे. मराठीत दारू हा विषय आला तो नीतीचा विषय म्हणून. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यानंतर कित्येक दशके मराठी मनाने मद्याकडे सुधाकर-सिंधूच्या संसारातूनच पाहिले. ही दृष्टी निराधार नव्हती. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत आणि दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा अनुभव कोणत्याही रसचर्चेने खोडून निघणारा नाही. परंतु पिण्याचे परिणाम सांगणारी भाषा समृद्ध असणे आणि पेय कसे होते हे सांगणारी भाषा नसणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या उणिवेची किंमत कोकणात, त्यातही सिंधुदुर्गात, कशी मोजावी लागते याचा विचार येथे केला आहे. त्यासाठी हुर्राक, फेणी व माडी या तीन पेयांविषयी आढळणारी आस्वाद-टिपणे आणि त्या पेयांची निर्मितिप्रक्रिया ही समोरासमोर ठेवून पाहिली आहेत.

एक झाड, दोन राज्ये

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले. 'काजू' हा शब्दही पोर्तुगीजांनी तेथील तुपी भाषेतून घेतलेला. आज वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, मालवण या भागांतील डोंगरउतारांवर हे झाड इतके रुळले आहे की त्याला परके म्हणणे हास्यास्पद वाटावे. ज्याला आपण काजू म्हणतो ती बी फळाच्या बाहेर, खालच्या टोकाला लोंबते. वरचा रसाळ, पिवळा किंवा तांबडा भाग म्हणजे बोंडू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते खरे फळ नसून फुगलेला देठ आहे, पण वजनाने तो बीच्या सहा ते दहा पट भरतो. म्हणजे काजूच्या बागेत जे पिकते त्याचा फार मोठा हिस्सा बोंडूच असतो.

तेरेखोल नदीच्या दक्षिणेस गोव्यात या बोंडूची फेणी होते. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. नदीच्या उत्तरेस तेच झाड, तीच जांभी माती आणि तोच मार्च ते मे हा हंगाम. बी मात्र कारखान्यात जाते आणि बोंडूचा मोठा भाग झाडाखाली कुजतो किंवा सीमेपलीकडे विकला जातो. (तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतो, सीमा निसर्गाने आखलेली नाही याचा याहून सोपा पुरावा शोधण्याची गरज नाही.)

हा फरक कायद्याने घडवला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ब्रिटिश मुलखातील मद्यनिर्मिती सरकारी मक्त्याखाली आणली. मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. १९६१ मध्ये तो मुक्त झाल्यावर १९६४ च्या अबकारी कायद्याने तेथील भट्ट्या परवान्याखाली चालू राहिल्या. एका बाजूला भट्टीवाल्याला परवाना, लिलावात घेतलेला विभाग आणि ग्राहक मिळाला; दुसऱ्या बाजूला तेच काम करणारा गुन्हेगार ठरला. बंदी पुढे बरीच सैल झाली, परंतु जे काम दोन पिढ्या रात्री, रानात आणि घाईने करावे लागले, त्याचे शब्द घरात, बाजारात किंवा छापील मजकुरात येण्याचा प्रश्नच नव्हता. चवीला भाषा मिळण्यासाठी ती चव उघडपणे चाखता यावी लागते.

उसने चक्र

आज फेणीविषयी जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक इंग्रजीत लिहिले जाते आणि त्याची घडण फेणीसाठी झालेली नाही. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील पेंटलँड्स संशोधन संस्थेत व्हिस्कीचे चव-चक्र तयार झाले. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी वाइनचे गंध-चक्र सिद्ध केले. दोन्ही चक्रांचा हेतू मर्यादित आणि शास्त्रीय होता : एकाच व्यवसायातील माणसांनी एका गंधाला एकच शब्द वापरावा. ती चक्रे पुढे लेखकांच्या हाती गेली आणि जगातील प्रत्येक मद्याला लावली जाऊ लागली. व्हिस्कीच्या चक्रात ओकच्या पिंपाला जे स्थान आहे, ते फेणीला लावून काहीच हाती येत नाही. बहुतेक फेणी पिंपात मुरत नाही. ती काचेच्या मोठ्या गराफांवात राहते आणि मुख्यतः ताजी प्यायली जाते. लाकडाचे सारे शब्द गळाले की त्या चक्रात उरतात ते फळाचे आणि दोषाचे शब्द. मग टिपणकार जवळचा शब्द म्हणून 'नेलपॉलिश', 'पेट्रोल' किंवा 'कुजके फळ' असे लिहितो आणि वाचक समजतो की फेणी म्हणजे हेच.

या शब्दांना खोटे म्हणता येणार नाही. ते अर्धे आहेत. नेलपॉलिशसारखा वास इथिल अ‍ॅसिटेटचा असतो. आंबवलेला रस भट्टीवर चढवण्यास उशीर झाला, की अ‍ॅसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू कामाला लागतात आणि त्या आम्लाचा मद्यार्काशी संयोग होऊन हे संयुग वाढते. ऊर्ध्वपातनाच्या आरंभी गळणारा पहिला भाग वेगळा काढला नाही, तरी तो वास बाटलीत उतरतो. म्हणजे हे टिपण त्या दिवशीच्या आळशी भट्टीविषयी आहे; फेणी या पेयाविषयी ते काही सांगत नाही. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर येथे एका कवितेतील मुद्रणदोष हा छंदाचा गुण म्हणून नोंदला गेला.

दुसरा प्रकार याच्या उलट टोकाचा. २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आणि २०१८ मध्ये 'स्ट्रेंजर अँड सन्स' या जिन गोव्यात तयार होऊन बाजारात आल्या आणि लहान प्रमाणावर कसबाने मद्य करणाऱ्या उद्योगाला भारतात प्रतिष्ठा मिळाली. जिनचे टिपण बहुधा घटकांची यादी असते : जुनिपर, धणे, लिंबाची साल, मिरी, जायपत्री. हे योग्यच आहे, कारण जिनचा पाया जवळजवळ निर्गंध मद्यार्क असतो आणि चव वरून घातलेल्या वनस्पतींची असते. पण त्याच धाटणीने फेणीच्या बाटलीवर अननस, आंबा, व्हॅनिला, सागरी वारा अशी यादी छापली जाते तेव्हा काय घडते? फेणीत यांपैकी काहीही घातलेले नसते. ज्या फळातून ती आली त्या बोंडूचे नाव मात्र यादीत नसते, कारण शहरी ग्राहकाने बोंडू चाखलेला नसतो. ज्याची चव आहे तेच फळ वर्णनातून गाळून त्याच्या जागी ओळखीची फळे ठेवणे, हे आस्वादलेखन न राहता केवळ भाषांतर होते, आणि तेही मूळ संहिता हरवून केलेले.

प्रक्रिया हेच व्याकरण

फेणीचे वर्णन करायचे तर तिच्या करणीचे व्याकरण जाणून घेणे क्रमप्राप्त ठरते. बोंडू तोडायचा नसतो. तो पूर्ण पिकून आपोआप गळावा लागतो. आधी तोडलेल्या बोंडूत साखर कमी आणि टॅनिन अधिक, म्हणून रस तुरट. गळलेले बोंडू त्याच दिवशी गोळा करून बी पिळून वेगळी करतात. या कामात हयगय चालत नाही, कारण बीच्या टरफलात दाहक तेल असते आणि एखादी बी फुटली तरी ते रसात उतरते. मग कातळात कोरलेल्या उथळ द्रोणीत बोंडू पायांनी तुडवतात. या द्रोणीला गोव्यात 'कोळंबी' म्हणतात, तर पुढे वाफ थंड होऊन जिच्यात साठते त्या मडक्याला 'लावणी'. या दोन्ही शब्दांनी मराठी वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. एकाच झाडाखालील दोन भाषा एकमेकींपासून किती दूर गेल्या आहेत, हे त्यावरून कळावे.

तुडवलेल्या चोथ्याचा ढीग करून, वेलीने बांधून, वर दगडाचे ओझे ठेवले की जो स्वच्छ रस ठिबकतो तो 'नीरो'. उन्हाळ्याच्या दुपारी तो तसाच पितात. त्यात मद्यार्क नसतो. यांत्रिक दाबाने रस जास्त निघतो, पण त्याबरोबर साल आणि तंतूंतील तुरटपणाही अधिक येतो. रस मातीच्या किंवा अन्य भांड्यांत सुमारे तीन दिवस आंबतो. बाहेरून यीस्ट घालण्याची प्रथा नाही. फळाच्या सालीवर, भांड्यात आणि हवेत जे सूक्ष्मजीव असतात तेच हे काम करतात. बोंडूचा जो विशिष्ट, दूरवरून ओळखू येणारा उग्र-गोड दरवळ आहे, तो मुख्यतः एस्टर वर्गातील संयुगांचा. त्यातील काही फळातच असतात, काही या तीन दिवसांत घडतात. कोणत्या वाडीतील हवा, कोणते भांडे, वैशाखातील किती उकाडा, यांवर तो दरवळ बदलतो. येथेच खरी स्थानिकता आहे. लेबलांवरील सागरी वाऱ्यात ती शोधणे व्यर्थ होय.

आंबलेला रस एकदा ऊर्ध्वपातित केला की हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो आणि तो फार टिकत नाही. म्हणूनच तो हंगामाचा, काही आठवड्यांचा पाहुणा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते, सुमारे ४२ ते ४३ टक्के मद्यार्काची. परंपरेने ही तीव्रता 'ग्राव' या मापाने सांगतात आणि १९ ते २० ग्रावची फेणी पुरी उतरली असे मानतात. माप हाताशी नसेल तेव्हा बाटली हलवून फेस पाहायचा : बुडबुडे किती येतात, किती वेळ टिकतात. 'फेणी' हे नावच फेसावरून, संस्कृत 'फेन'वरून, आले असे मानले जाते. मेक्सिकोतील मेस्काल करणारे कारागीरही असेच बुडबुडे पाहून तीव्रता ठरवतात. दोन खंडांतील निरक्षर भट्टीवाल्यांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही कसोटी कोणत्याही चव-चक्राहून जुनी आहे, आणि तिच्यात अलंकार नाही.

आगीचाही वाटा मोठा आहे. रसात चोथ्याचे कण राहिले आणि जाळ चढा ठेवला, तर ते भांड्याच्या तळाशी करपतात आणि धूरकट, जळका वास उतरतो. काही पिणाऱ्यांना तो आवडतो व ते त्याला गावठी अस्सलपणाचे लक्षण समजतात. या समजुतीला तपासणीची गरज आहे. करपट वास हा अस्सलपणाचा पुरावा मानला, तर गाळणी स्वच्छ ठेवणारा आणि मंद आचेवर रात्र काढणारा भट्टीवाला कमी अस्सल ठरेल. मातीच्या भांड्याऐवजी आता तांब्याचे भांडे बहुतेक ठिकाणी आले आहे. तांबे गंधकयुक्त संयुगे पकडून ठेवते, त्यामुळे पेय अधिक स्वच्छ लागते. माती गेल्याने काय गेले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, परंतु त्याचे उत्तर स्मरणरंजनातून मिळणार नाही. दोन्ही भांड्यांतील पेय शेजारी ठेवून चाखावे लागेल.

या संदर्भात मेस्कालचा अनुभव उद्बोधक आहे. १९९४ मध्ये त्याला मूळस्थानाचे संरक्षण मिळाले आणि २०१६ च्या मानकाने त्याचे तीन वर्ग पाडले. 'वंशपरंपरागत' या वर्गासाठी मातीच्या भांड्यातील ऊर्ध्वपातन आवश्यक ठरवले. अनेक बाटल्यांवर अगेव्हची जात, गाव, कारागिराचे नाव आणि भांड्याचा प्रकार छापलेला असतो. चवीचे एक विशेषण नसले तरी जाणकार त्यावरून चवीचा अंदाज बांधतो. फेणीच्या बहुसंख्य लेबलांवर विशेषणे असतात आणि हे तपशील नसतात. गाव, हंगाम, भांडे आणि तुडवण्याची पद्धत एवढे चार शब्द छापले, तरी निम्मी विशेषणे काढून टाकता येतील.

माडीचा प्रहर

मालवण किनाऱ्याचे स्वतःचे पेय काजूचे नसून माडाचे आहे. माडाची पोय उमलण्याआधी बांधून, हलक्या हाताने ठोकून, टोकाशी पातळ काप देत राहिले की रस ठिबकतो. तो मडक्यात धरतात. भंडारी समाजाचे हे परंपरागत कसब. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसेल तर माडावरच आंबण्यास आरंभ होतो. सकाळची माडी गोड आणि किंचित फेसाळ, दुपारची तिखट वाटावी इतकी चुरचुरीत, संध्याकाळची आंबट. दुसऱ्या दिवशी तिचे व्हिनेगर होऊ लागते. सहा-सात टक्क्यांपलीकडे तिचा मद्यार्क सहसा जात नाही.

आस्वाद-टिपणाच्या दृष्टीने माडी हा सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत शिकवणारा विषय आहे. बाटलीबंद मद्याच्या टिपणात गृहीत असते की पेय स्थिर आहे आणि बदलतो तो चाखणारा. माडीत दोघेही बदलतात. तिच्या टिपणात प्रहर लिहिला नाही तर बाकी सारे निरर्थक. संगीतात रागाला प्रहर असतो हे मराठी रसिकाला सांगावे लागत नाही. पेयालाही तो असू शकतो हे मात्र आपल्या आस्वादलेखनाच्या गावी नाही. माडीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते. तो 'माडी कशी आहे' असे न विचारता 'कधी उतरवली' असे विचारतो. त्या एका प्रश्नात प्रक्रिया आणि चव यांचा संबंध पुरा आला आहे.

लिक्युअरचे प्रकरण येथे थोडक्यात आटोपता येईल. गोव्यात 'दुकशिरी' म्हणजे अनंतमूळ फेणीत मुरवण्याची रीत आहे. आले, जिरे घालूनही फेणी होते. या पेयांना सरसकट लिक्युअर म्हणणे बरोबर नाही. युरोपीय नियमानुसार लिक्युअरमध्ये लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते; औषधी मुळी मुरवलेली बिनसाखरेची फेणी त्यात बसत नाही. खऱ्या अर्थाने लिक्युअरच्या जवळ जाणारी कृती सिंधुदुर्गातल्या घराघरात आहे, फक्त तिच्यात मद्य नाही. पिकलेल्या कोकमाच्या सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की जो गडद पाक सुटतो, तो अमृतकोकम. मिठात काढले तर आगळ. साखरेने किंवा मिठाने फळाचा अर्क ओढून घेण्याचे हे शास्त्र येथील स्त्रियांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. 'सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम' या नावाने कोकमाला २०१६ मध्ये मानांकनही मिळाले. कोकमाचा आंबटपणा कोणत्या उन्हात किती खुलतो याविषयी या स्त्रियांशी बोलल्यास जे शब्द मिळतील, ते कोणत्याही आयात चक्रात मिळणार नाहीत.

वर्णन हा पुरावा

आस्वाद-टिपण ही चैनीची गोष्ट आहे असा आक्षेप येथे सहज घेता येईल. त्याचे उत्तर रसशास्त्रात न शोधता कायद्यात शोधावे लागते. भारताचा भौगोलिक निर्देशनविषयक कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्याखाली अर्ज करताना वस्तूचे गुणविशेष वर्णावे लागतात आणि ते गुण त्या प्रदेशामुळे, तेथील माती-हवामानामुळे किंवा कसबामुळे कसे येतात हे दाखवावे लागते. म्हणजे चवीचे नेमके वर्णन हा तेथे पुरावा ठरतो. गोव्यातील उत्पादकांनी तो सादर केला आणि 'फेणी' हे नाव त्यांच्या प्रदेशाशी बांधले गेले. उद्या सिंधुदुर्गातील एखाद्या उत्पादकाने परवाना घेऊन, त्याच जातीच्या बोंडूपासून, त्याच पद्धतीने पेय केले, तरी त्याला ते फेणी म्हणून विकता येणार नाही. त्याला वेगळे नाव लागेल, आणि त्या नावामागे वेगळे वर्णन.

वेंगुर्ल्याच्या काजूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, ते बीला. याचे नवल वाटू नये. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला-१' पासून पुढे ज्या जाती दिल्या, त्यांची निवड बीचा आकार, गराचे प्रमाण आणि उत्पन्न यांवर झाली, आणि त्या काळाच्या गरजेनुसार ते रास्तही होते. बोंडूचे सरबत व सिरप करण्याच्या पद्धतीही पुढे विकसित झाल्या. परंतु कोणत्या जातीच्या बोंडूचा रस आंबवल्यावर कसा लागतो, पिवळ्याचा आणि तांबड्याचा दरवळ कोठे वेगळा होतो, किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्याचा आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या दोडामार्गचा बोंडू चवीत किती भिन्न, यांचे वर्णन मराठी वाचकापर्यंत पोहोचलेले नाही. बागायतदारांना यातले पुष्कळ ठाऊक असते. कोणते झाड 'गोड' आणि कोणते 'खाजरे' हे बागेतले पोरही सांगते. हे ज्ञान कागदावर यायचे आहे.

शासनाच्या भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आखले आणि नाशिकच्या वाइनला उद्योगाचा दर्जा मिळाला. वाइनच्या आस्वादाचे वर्ग, महोत्सव, मराठी वृत्तपत्रांतील सदरे हे सारे त्यामागून आले. काजूबोंड व मोहफुले यांपासून होणारे मद्य त्यानंतरही देशी दारूच्या वर्गात राहिले. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते देशी मद्याऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. हेतू प्रतिष्ठा देण्याचा होता, हे मान्य करावे लागेल. तरीही डोंगरावरच्या मोहाला आणि परसातल्या बोंडूला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री परदेशी व्हावे लागले, ही शब्दांची दरिद्रता लक्षात आल्याशिवाय राहत नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे एका जुन्या मद्य कारखान्याने २०२४ मध्ये मोहाचे मद्य उंची बाटलीत आणले. मोहाच्या चवीविषयी त्यानंतर इंग्रजीत बरेच लिहिले गेले. ज्या आदिवासी समाजांनी मोह शतकानुशतके गाळला, त्यांच्या भाषांतील चवीचे शब्द त्या लेखनात किती उतरले, हे शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. बोंडूच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडण्याची शक्यता पुष्कळ आहे.

आस्वादाच्या भाषेची एक मर्यादा मात्र स्पष्टपणे मांडली पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. तेथे मारक ठरले ते मिथेनॉल, आणि मिथेनॉल जिभेला किंवा नाकाला ओळखता येत नाही. कितीही मुरलेल्या जिभेने प्रयोगशाळेची जागा घेऊ नये. 'आपली गावठी कधी बाधत नाही' हे वाक्य कोकणात आणि कोकणाबाहेर सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते, आणि ते चवीच्या अनुभवावर आधारलेले असते. ते धोकादायक आहे. उलट, स्वस्त मद्यार्कात सुवास मिसळून फेणी म्हणून विकण्याचा प्रकार जीभ नक्की पकडू शकते, कारण तेथे हुर्राकाचा पाया नसतो, बोंडूचा तुरट शेवट नसतो आणि घोट गिळल्यावर मागे उरतो तो फक्त गोडसर वास. जिभेने काय पकडावे आणि काय पकडू शकत नाही, ही सीमारेषा आखणे हेही टिपणकाराचे काम आहे.

सिंधुदुर्गातील बोंडूच्या पेयासाठी मराठीत टिपण लिहायचे झाले, तर त्याची मांडणी कशी असावी? प्रथम गाव आणि झाडाची जात. मग बोंडू गळल्याचा पंधरवडा, कारण वळवाचा पाऊस होऊन गेल्यावरचा बोंडू पाणचट होतो व त्याला बुरशी लवकर धरते. त्यानंतर तुडवण्याची रीत, आंबण्याचे दिवस, भांडे आणि जळण. चव त्यानंतरच यावी, आणि ती सहा रसांच्या क्रमाने : आधी गोड की आधी तुरट, आंबट मध्ये येतो की शेवटी, कडू असल्यास तो सालीचा की करपल्याचा. सहा रसांची ही चौकट बाहेरून आणावी लागत नाही. तुरट या रसाला तीत स्वतंत्र स्थान आहे, आणि बोंडूविषयी लिहिताना त्याच रसाची सर्वाधिक गरज पडते. गंधासाठी तुलना लागल्या तर त्या याच मातीतल्या असाव्यात : पिकून फुटलेला फणस, सुकत घातलेले कोकम, पहिल्या पावसानंतरचा कातळ, ताजा चीक. ज्या वाचकाने हे वास घेतले आहेत त्याला अननस-व्हॅनिला सांगण्याचे प्रयोजन नाही.

असे टिपण बाटली समोर ठेवून, शहरातील मेजावर लिहिता येणार नाही. बोंडू गळल्यापासून दिवसभरात आंबू लागतो, हुर्राक हंगामापलीकडे जात नाही आणि माडी दुसऱ्या दिवशी दुसरेच काही होते. त्यासाठी मार्च ते मे या तीन महिन्यांत बागेत, भट्टीवर आणि माडाखाली बसावे लागेल. यांपैकी भट्टीची जागा आज नदीच्या दक्षिणेस तेवढी उघडी आहे. उत्तरेस ती परवाना घेऊन उघडेल तेव्हा तेथील पहिल्या घाण्यातल्या पेयाला काय म्हणायचे, हे ठरवण्याचे काम कोणीतरी मराठीतच करून ठेवलेले असावे लागेल.